बोरसे आप्पांचा म्हातारा

दसऱ्याच्या सकाळी मी आमच्या मिलच्या सर्व्हरला झेंडूचा हार घातला आणि तो श्वास कोंडून बंद पडला.

दसऱ्याला मिलमधल्या प्रत्येक यंत्राला हार पडतो. बॉयलरला पडतो, मालाच्या लिफ्टला पडतो, शेठच्या मोटारीला तर दोन पडतात. मग सगळ्या मिलचा डोलारा ज्याच्या डोक्यावर, त्यालाच उघडाबोडका का ठेवायचा, असा माझा भाबडा विचार. मी मनगटाएवढा जाड हार आणला, पेटीच्या तोंडाशी जाळी असते तिथं गच्च बांधला, वरून आपट्याची पानं खोचली. ती जाळी हवा आत घेण्यासाठी असते हे मला ठाऊक नव्हतं. मला ती शोभेची वाटली होती.

बोरसे आप्पा आले. "काय व्हयनं?" त्यांनी दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा वेगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे हार सोडला, माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "आता नाक दाबून उभा राहा. मी सांगेपर्यंत."

मी उभा राहिलो. आप्पांपुढे सगळेच उभे राहतात.

सुरतेत भेस्तानच्या आमच्या मिलमध्ये साड्यांच्या कापडाला रंग चढतो. मी तिथं माल पाठवण्याच्या खात्यात कारकून, आणि आप्पा संगणकांचे राजे. मूळचे अमळनेरकडचे, राहायला गोडादऱ्यात. लोक खिशाला पेन लावतात, आप्पा पेचकस लावतात. नम्रपणा त्यांच्या अंगाला कधी लागला नाही. सर्व्हरच्या खोलीच्या दाराला त्यांनी एक कपड्यांचा ब्रश टांगलाय. मिलमध्ये कापसाळ तंतू सगळीकडे उडतात, माणसाच्या अंगावर बसून आत येतात आणि यंत्राच्या छातीत साठतात. म्हणून आत जाणाऱ्याला चपला काढून, हात वर करून उभं राहावं लागतं आणि आप्पा त्याला नखशिखांत ब्रश मारतात. अगदी शेठलाही. एवढा मोठा माणूस, पण हात वर करून गोल फिरताना मी डोळ्यांनी पाहिलाय.

दुसरा नियम याहून कडक. त्या खोलीत 'नवा' हा शब्द काढायचा नाही. एकदा शेठ आतच आपल्या गुजरातीत म्हणाले, "बोरसेभाई, हवे नवुं लई लो ने." आप्पांनी त्यांच्या दंडाला धरलं, व्हरांड्यात आणलं, दार लावलं आणि मग म्हणाले, "शेठ, बैल विकायची बोलणी गोठ्यात करत नाहीत."

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागलो.

यंत्र जुनं झालं होतं हे आप्पांनाही कळत होतं. शेठ नुसतं म्हणत, पैसे सोडत नसत; आप्पाच त्यांच्या मागे लागून दमले होते, फक्त व्हरांड्यात. त्यात आणखी एक अडचण होती. कुठल्या साडीला कुठला रंग किती घालायचा, ते काढून देणारा एक प्रोग्राम त्या सर्व्हरवर होता. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. दुसऱ्या यंत्रावर तो बसत नव्हता. फायलींच्या नकला आप्पा रोज संध्याकाळी काढून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घरी नेत, मिलला आग लागली तरी नक्कल गोडादऱ्यात सुरक्षित. पण त्या फायली वाचणारा तो एकटाच. तो गेला तर लग्नसराईच्या ऑर्डरी तोंडावर असताना प्रत्येक लॉटचा लाल वेगळा. कुठे कुंकवासारखा, कुठे विटेसारखा. पर्वत पाटियाच्या कापडबाजारातल्या व्यापाऱ्यांनी सगळा माल आमच्या तोंडावर फेकला असता.

माझ्या हारानंतर यंत्र थंड होऊन पुन्हा सुरू झालं खरं, पण त्यातल्या दोन डिस्कपैकी एक कायमची गेली. दोघींवर एकच माहिती असते, एक गेली तर दुसरी संसार ओढते. आता दुसरी एकटी ओढत होती, आणि मधूनच टक टक करत होती.

"हाऊ म्हातारा आता पुन्हा निजला तर उठणार नाही," आप्पांनी व्हरांड्यात सांगितलं. शेठनी त्याच दिवशी पैसे सोडले.

आप्पांचा बेत असा होता. जुन्या यंत्राचा अख्खा जीव, प्रोग्रामसकट, जसाच्या तसा उचलायचा आणि नव्याच्या पोटात वसवायचा. नव्याला वाटणार आपण जुनेच आहोत. परकायाप्रवेश म्हणतात तो हाच. फक्त तो चालू असताना जुन्यानं मधे डोळे मिटायचे नाहीत.

"मग आत्ताच करा ना," मी म्हटलं.

"मिल चालू असताना? जमीन थरथरते इथली. म्हाताऱ्याला हलवायचं नसतं, समजवायचं असतं."

म्हणून दिवाळी ठरली. दिवाळीत सुरत रिकामी होते. आमचे खानदेशी तर धनत्रयोदशीलाच गाड्या भरून गावाकडे निघतात. पाडव्याच्या सकाळी बॉयलर थंड, यंत्रं गप्प, आणि मिलमध्ये आम्ही दोघंच. मला का थांबवलं असं बायकोनं विचारलं, तेव्हा मी आप्पांना माझ्यावाचून चालत नाही असं सांगितलं. प्रत्यक्षात आप्पा म्हणाले होते, "तू डोळ्यासमोर असलास म्हणजे मला काळजी नाही."

काम सुरू झालं. मला दाराशी स्टुलावर बसवलं, दोन्ही हात मांडीवर. बाहेर गल्लीत पोरांनी सुतळी बॉम्ब लावला की डिस्क टक करायची. शेवटी मी बाहेर जाऊन घरून आणलेली सगळी तुपाळ सुरती घारी आणि करंज्या त्या पोरांच्या बापांना वाटल्या आणि फुलबाज्यांवर तह केला. परत आलो तर आप्पा म्हणाले, "ब्रश." मी हात वर केले.

दुपारी टकटक वाढली. पडद्यावरची हिरवी पट्टी शेवटाला येऊन अडली. पुढे सरकेना, मागे जाईना. आप्पांनी टेबलपंखा जवळ ओढला, पेटीवर तळहात ठेवला आणि बोलायला लागले. मोठ्यानं नाही, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. पुराच्या वर्षी पाणी जिन्यापर्यंत आलं तेव्हा मी तुला डोक्यावर घेऊन वर नेलं होतं, आठवतं का. तो नाशिकचा व्यापारी, ज्याला मोरपिशी कधीच पसंत पडत नव्हता. तूच काढून दिलास ना शेवटी. आता थोडं राहिलंय बाप, जरासा दम धर.

सुरुवातीला मला हसू येत होतं, ते मी गालात दाबून धरलं. मग कधीतरी ते आपोआप गेलं. देवळात माझे हात जोडलेले असतात तेव्हाही मी चपलांकडे बघत असतो. त्या दिवशी बघितलं नाही. तो माणूस एका लोखंडी पेटीला जगायला सांगत होता आणि मला वाटत होतं, ही जगणार.

पट्टी हलली. भरली.

आप्पांनी नवं यंत्र चालू केलं. त्याच्या पडद्यावर तोच जुना, पिवळट प्रोग्राम उघडला. त्यांनी शालूचा लाल मागितला. आकडे आले. जुन्या यंत्रावर मागितला. तेच आकडे. मी टाळी वाजवणार होतो, पण आप्पांचा चेहरा पाहून हात खाली घेतले. त्यांनी स्वतः जुन्याचं बटण दाबलं आणि पंखे पूर्ण थांबेपर्यंत हात उचलला नाही.

मग लगेच आतल्या डिस्क काढून हातोड्यानं फोडल्या. मिलची माहिती भंगारात जायला नको. उरलेली पेटी शेठना विचारून त्यांनी मागून घेतली आणि टेम्पोत घालून आम्ही ती गोडादऱ्याला नेली.

आप्पांच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो. दोन खोल्या, लख्ख. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या हे मिलमध्ये सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याविषयी आप्पांशी कुणी बोलत नसे. पलंगाच्या उशाशी एक स्टूल रिकामं ठेवलेलं होतं. पेटी त्यावर बसली. आप्पांनी एक छोटा जुना पडदा जोडला आणि बटण दाबलं. पंखे घरघरले, मधेच मंद झाले, पुन्हा घरघरले. पडद्यावर एकच ओळ आली: डिस्क सापडत नाही.

"आप्पा, आत तर काहीच नाही. मग चालवून काय करायचं?"

आप्पा पलंगावर बसले. बाहेर एरवी दिवसरात्र खडखडत कापड विणणारे लूम दिवाळीमुळे बंद होते. गल्लीत माणूस नव्हतं.

"तुझी काकू घोरायची," ते म्हणाले. "जन्मभर मी तिला त्यावरून बोललो. असंच. मधे एक दम घ्यायची, मग पुन्हा." मग पेटीकडे बघत म्हणाले, "लूम चालू असले तर एक वेळ भागतं. दिवाळीत फार चूप असतं इथं."

इतक्या वर्षांत आप्पांपुढे मला पहिल्यांदा उभं राहावंसं वाटलं. मी म्हटलं, "आप्पा, यंत्राची कसली सोबत. मी येत जाईन ना संध्याकाळी. बसू, गप्पा मारू."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"तू नको," ते म्हणाले. "तू एकच गोष्ट दर खेपेला वेगळी सांगतोस. हा रोज एकच ओळ सांगेल, पण खरी सांगेल."