मास्तरांचा बिनपरवान्याचा मांडव

सुमतीच्या लग्नाला एकच दिवस उरला होता आणि श्रीपादमास्तरांनी मांडवाचा परवाना अजून काढला नव्हता. १८८४ सालचा वैशाख. कल्याणात रस्त्यावर मांडव घालायचा तर तेव्हा म्युनिसिपालिटीचा कागद लागे.

"अहो, अर्ज तेवढा देऊन या," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"मुलगी माझी, बांबू माझे. यात सरकारचं काय? माणसाला मोकळं सोडलं की तो आपणहून शहाण्यासारखा वागतो!"

हे तत्त्व मास्तर तीन वर्षं ओट्यावर बसून साऱ्या आळीला सांगत होते. परवानेच रद्द करा म्हणून अकरा अर्जही त्यांनी धाडले होते. आळी ऐकून घेई, कारण मास्तर पानसुपारी देत.

मास्तरांनी अर्धा रस्ता धरून मांडव घातला. उरलेला अर्धा मोठ्या मनाने लोकांना सोडला. दुपारी तो समोरच्या गुणाजीने घेतला. त्याच्या मुलीचं, मालनचंही लग्न उद्याच होतं. हे मास्तरांना ठाऊक होतं, पण गुणाजी मांडव मागच्या वाडीत घालील असं त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. आता त्याचे बांबू मास्तरांच्या मांडवाच्या दारालाच भिडले. नवरदेव आत शिरणार कुठून?

"गुणाजी, हे काय रे?"

"मांडव, मास्तर. तुमीच बोलता ना, रस्ता सगल्यांचा, कोनाला इचारायचं नाय?"

"अरे, पण जरा मागे घे!"

"मुहूर्तमेढ रोवली. आता ती उपटू कशी?"

रोवलेली मेढ लग्नाआधी कोण उपटणार? मास्तर उपरणं सावरत थेट कचेरीत गेले.

"मला परवाना द्या. आणि ज्याच्याकडे नाही, त्याचा मांडव काढायला लावा!"

कारकून विश्राम त्यांचाच जुना विद्यार्थी. तो हात जोडून उभा राहिला. "अभिनंदन, मास्तर! तुमचा अकरावा अर्ज कालच मंजूर झाला. परवाने बंद. 'ज्याने त्याने आपसात बघून घ्यावे', ही तुमची ओळ ठरावात जशीच्या तशी घातलीय."

मास्तर जड पावलांनी परतले. पोरीचं लग्न आपल्याच हस्ताक्षरात अडकलं, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

आळीत मात्र ठोकाठोक चालली होती. लक्ष्मीबाई आणि गुणाजीची बायको रंगूबाई पदर खोचून उभ्या होत्या. दोन्ही मेढी दोन्ही घरांपाशी तशाच ठेवून त्यांनी मधले बांबू काढले आणि छतं एकमेकांना बांधून टाकली. खाली अख्खा रस्ता मोकळा, वर सलग सावली.

"सकाली तुमचं, सांजचं आमचं," रंगूबाई म्हणाली. "आधीच इचारलं असतं तर एवरा घोल झाला नसता."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. दोन्ही लग्नं थाटात लागली. "बघा, सरकारवाचून काही अडलं का?" हे त्यांनी व्याह्यांना दहादा ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी गुणाजी मांडव सोडायला वर चढला. सावलीत पान चघळत बसलेले मास्तर ताडकन उठले.

"थांब! माझ्या परवानगीशिवाय एक दोरी सोडायची नाही!"

"मग द्या ना परवानगी."

"अशी तोंडी नाही मिळत," मास्तर म्हणाले. "अर्ज कर."