फरशीखालचा जिताडा

पोरगी तिथं नेमकं करणार काय, या एका प्रश्नाने खाडीकाठच्या बोनकोडे गावातल्या बाळाराम कोळ्याचा जीव मेटाकुटीला आला होता. प्रश्न विचारला होता शेजारच्या पावणे गावच्या देवजीने, तोही लग्नाची बोलणी चालू असताना, आणि बाळारामला उत्तर देता आलं नव्हतं. होणारा व्याही विचारतो आणि मुलीचा बाप आढ्याकडे बघतो, म्हणजे शोभाच झाली.

त्याची दमयंती मामाकडे ठाण्याला राहून गणित घेऊन बीएस्सी झाली होती. आता मुंबईतल्या एका संशोधन संस्थेच्या गणकयंत्र केंद्रात तिला मुलाखतीला बोलावलं होतं. तिने बापाला ओट्यावर बसवून सगळं समजावलं. तिथे खोलीभर मोठं यंत्र आहे, ते गणितं करतं. त्याला गणितं कशी घालायची ते वर्षभर शिकवतात, शिकताना दरमहा विद्यावेतन देतात, पुढे तिथेच नोकरी लागू शकते आणि वरची पदवीही घेता येते.

इथेच बाळारामची होडी गाळात रुतली. शाळा म्हणावी, तर मास्तर उलटे पैसे कसे देतात? नोकरी म्हणावी, तर शिकवत कशाला बसतात? आणि यंत्र जर स्वतःच गणितं करत असेल, तर माणसं हवीत कशाला?

"म्हंजे तू थय मशीनीची राखन करनार?" त्याने शेवटी विचारलं. दमयंतीने कपाळाला हात लावला.

देवजीचं म्हणणं सरळ होतं. पोरीला ही जागा मिळाली तर लग्नाला थांबू, नाही तर पावसाळ्याआधी अक्षता टाकून मोकळे होऊ. त्यामुळे दमयंतीचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. पोरीला काय हवंय ते बाळारामला कळत नव्हतं, पण किती हवंय ते बरोबर कळत होतं, आणि ते तिला मिळावं म्हणून तो काहीही करायला तयार होता.

'काहीही' म्हणजे काय, तेही खाडीकाठी ठरलेलं होतं. मामलेदाराकडे काम असो की डॉक्टरकडे, माणूस खाडीतला सगळ्यात भारी मासा, जिताडा, घेऊन जायचा. त्याला कुणी लाच म्हणत नसे. तो मान होता, आणि मोठ्या माणसाच्या दारी मोकळ्या हाताने जाणं हा त्याचा अपमान. दमयंतीने बापाला बजावलं होतं, "बाबा, थय आसला काय चालत नाय. तू नुसता संगती चल." बाळारामने मान डोलावली आणि पहाटेच्या भरतीला धरलेला हातभर जिताडा ओल्या गोणपाटात गुंडाळून पिशवीत घातला. पिशवीत काय आहे, असं तिने होडीत विचारलं तेव्हा तो भाकरी म्हणाला. एवढी लांब भाकरी तिने पाहिली नव्हती, पण डोक्यात गणितं होती, म्हणून सुटला.

दिवस मे महिन्याचे. खाडी ओलांडून, बसमागून बस बदलत संस्थेत पोचेपर्यंत जिताड्याचा ताजेपणा टेकीला आला होता. दमयंती वरच्या मजल्यावर गेली. बाळाराम खालच्या बाकावर बसला. मोठे साहेब राजाध्यक्ष मुलाखतीतून मोकळे झाल्याशिवाय भेटायचे नाहीत, असं पहारेकऱ्याने सांगितलं. बाळारामने पिशवीत हात घालून माशाचं अंग चाचपलं. ते नरम पडू लागलं होतं. नरम मासा साहेबाला द्यायचा, त्यापेक्षा न दिलेला बरा.

तेवढ्यात समोरचं दार उघडून एक चष्मेवाला साहेब घाईने कुठेतरी गेला आणि उघड्या राहिलेल्या दारातून बर्फाच्या कारखान्यासारखा गार वारा आला. दाराबाहेर चपला काढून ठेवलेल्या होत्या, म्हणजे आत देवाचं काहीतरी असणार. आत कपाटांच्या रांगा होत्या आणि जमीन चौकोनी फरश्यांची होती. त्यातली एक फरशी दाराजवळच उचलून ठेवली होती, खाली वायरी आणि पोकळी. गार वारा त्या पोकळीतूनच येत होता. जवळ कुणीच नव्हतं.

मासा बर्फात ठेवावा, हे कोळ्याला कुणी शिकवावं लागत नाही. बाळारामने चपला काढल्या, कपाटांना नमस्कार केला, पिशवी पोकळीत अलगद सारली आणि बाकावर येऊन बसला. लोकांनी किती छान सोय केली आहे, असंही त्याला वाटलं. मग तो चष्मेवाला साहेब पान्हा घेऊन परत आला, त्याने इकडेतिकडे न बघता फरशी खटकन बसवली आणि तो निघून गेला. पिशवी आत राहिली, बाळाराम बाहेर.

थोड्याच वेळात गार वाऱ्याने आपलं काम इमानेइतबारे केलं. आधी यंत्राची खोली, मग जिना, मग वरचा मजला असा जिताडा इमारतभर फिरून आला. ते चष्मेवाले साहेब म्हणजे अय्यर, जन्माचे शाकाहारी. हा वास त्यांच्या नाकाच्या अनुभवाबाहेरचा होता. काहीतरी जळतंय म्हणत त्यांनी घाईघाईने यंत्रच बंद केलं. लाखो रुपयांचं यंत्र थांबल्याचं ऐकून मुलाखती थांबल्या, आणि परीक्षक, उमेदवार, शिपाई सगळे खाली गोळा झाले. कुणी वायर हुंगत होतं, कुणी कपाट. बाळाराम भिंतीला चिकटून उभा होता. बोलावं तर पोरीचं नशीब फुटतं, न बोलावं तर यंत्र.

राजाध्यक्ष साहेबांनी उमेदवारांकडे वळून विचारलं, बिघाड कसा शोधाल? एक जण म्हणाला, एकेक वायर तपासू. दुसरा म्हणाला, परदेशी कंपनीला तार करू. दमयंतीने एकदा हवा नाकात घेतली आणि बापाच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला.

"सर, वायरींना काही झालेलं नाही," ती म्हणाली. "शेवटची कुठली फरशी उघडली होती, तेवढी उघडा."

"कशावरून?"

"माझ्या बाबांच्या हातात सकाळी पिशवी होती. आता नाही."

फरशी उघडली. राजाध्यक्षांनी पिशवीत डोकावलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "जिताडा," ते म्हणाले, आणि मग हळहळले, "अरेरे, गेला." अय्यर रुमाल नाकाला लावून बाहेर गेले.

परतीच्या होडीत बाळारामने विचारलं, "माजी चूक झाली ना गो?" दमयंतीने त्याच्या हातातलं वल्हं घेतलं आणि स्वतः मारू लागली. त्याला रडू आलं.

पंधरवड्यात निवडीचं पत्र आलं. रुजू झाली त्या दिवशी साहेबांनी तिला कारणही सांगितलं. बिघाड शोधणारे पुष्कळ भेटतात, पण तो आपल्याच घरातून आलाय हे सांगणारं कुणी भेटत नाही. दमयंतीने हे बापाला जसंच्या तसं सांगितलं. बाळारामने ऐकून घेतलं, पण कारण काय ते त्याला आधीच माहीत होतं. खराब झालेला मासा जर एवढं काम करतो, तर ताजा काय करील? हे त्याने बोनकोड्यापासून पावण्यापर्यंत ज्याला त्याला सांगितलं, कुठे ठेवायचा त्या जागेसकट.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी दमयंती घरी आली तेव्हा देवजी ओट्यावर बसला होता. पोरगी तिथं करते काय, हा त्याचा प्रश्न अजून तसाच होता. बाळारामने आशेने लेकीकडे पाहिलं. ती वैतागलेलीच होती. सध्या मुलाखती चालू आहेत, म्हणाली, आणि खाडीकाठची पोरं पिशव्या घेऊन थेट यंत्राच्या खोलीत घुसतात. म्हणून साहेबांनी तिला दाराशी उभं केलंय. येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी हुंगायची आणि मासा असला तर बाहेर ठेवायचा.

बाळारामच्या डोक्यात वर्षभरात पहिल्यांदा उजेड पडला.

"आयकलास ना, देवजी?" तो ताठ बसत म्हणाला. "यवरी शिकली, पन करते आपलाच धंदा."