डोक्याला तेल, दारावर पाहुणे

डोक्याला रोज तेल लावून घ्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कोणाचं काय वाकडं होणार होतं? पण त्या तेलापायी माझ्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडायला आली. आता कोणी केसांचा विषय काढला की मी खोलीतून उठून जातो. (ऑफिसात उठून जायची सवय आधीपासून आहेच, त्यामुळे तिथे कोणाच्या लक्षात येत नाही.)

मी लीलाधर. जळगावात एका सरकारी ऑफिसात वरिष्ठ लिपिक आहे, वय चोपन्न. दिवाळीनंतर आमच्या मृणालीला पाहायला पाचोऱ्याची मंडळी आली. मुलाचं नाव नवीन, तो मृणालीच्याच कंपनीत पुण्याला. म्हणजे त्यांचं पाहणं आधीच आटोपलं होतं, आमचं तेवढं राहिलं होतं. मुलाचे वडील सुपडू आबा भला माणूस. बोलणी झाली, साखरपुडा महिन्याभराने ठरला. सगळं गोड चाललं असताना मुलाची आत्या मंजुळाबाई माझ्याकडे बघत मृणालीला म्हणाल्या, "हे तुझे आजोबा का?"

मंडळी हसली. मीही हसलो. रात्री आरशासमोर मात्र हसलो नाही. समोरून केस विरळ होते हे मला ठाऊक होतं, पण मागे बरे होते आणि मिशी तर चांगली भरघोस होती. साखरपुड्याच्या फोटोत बापासारखं दिसायचं, असं मी तिथेच ठरवलं. बायको नूतन म्हणाली, दिसायला काय करायचंय, बापच आहात ना? पण बायकांना या गोष्टी कळत नाहीत.

तेल लावायचं काम आईने आपणहून घेतलं. आई, म्हणजे भिकुबाई, वय शहात्तर. तिचा अंबाडा अजून एका मुठीत मावत नाही, तेव्हा तिच्या हाताला गुण असणार असं मला वाटलं. हाताला जोर होता, गुणाचं मी आजही सांगू शकत नाही. भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचून आई भरीत करते, त्याच हाताने तिने माझं डोकं धरलं. पहिल्या दिवशी टॉवेलवर सत्तावीस केस आले. तिसऱ्या दिवशी एकसष्ट. आठवड्याने न्हाणीतली जाळी तुंबली आणि नूतनने मला काठीने ती मोकळी करायला लावली.

मी आईला म्हटलं, हे वाढतंय की जातंय? आईने आपल्या कंगव्यातला गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून माझ्यासमोर धरला.

"मना रोज इतला जातस," ती म्हणाली. "मी काय मोजत बठस का?"

पण तिच्याकडे कोठार भरलेलं होतं. माझ्याकडे मूठभर उरलेले, त्यातले रोज साठ. मृणालीला फोनवर हे सांगितलं तर तिने मला एका सलूनमध्ये स्काल्प ट्रीटमेंटची वेळ घेऊन दिली. तिथे एका मुलीने डोक्याला वाफ दिली, काहीतरी थंडगार चोपडलं, मग रबरी दातांचं एक यंत्र टाळूवरून फिरवलं. समोरच्या पांढऱ्या बेसिनमध्ये काय पडलं ते मी बघितलं आणि खुर्चीतून उठायलाच लागलो. ती म्हणाली, "काका, हे मुळापासून आधीच सुटलेले होते. हात लागला की एकदम पडतात. दोन-तीन महिन्यांत नवे येतील."

माझ्याकडे बावीस दिवस होते. मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनीही तेच सांगितलं. मालिशने केस जात नाहीत, जे जायचेच असतात ते जरा लवकर दिसतात. जोरात रगडू नका, आणि मुख्य म्हणजे आता काही करू नका. म्हणजे सगळ्यांचं म्हणणं एकच, की माझे केस आधीच गेलेले होते. मग इतके दिवस मी ज्यांचा भांग पाडत होतो ते कोण होते?

माणूस वैतागला की घरातल्याच माणसावर जातो. मी आईवर गेलो. तू रगडून रगडून माझं डोकं सोललंस, असं म्हणालो. आईने पिशवी भरली, सोनगीरला माझ्या बहिणीकडे, सविताकडे जायला निघाली आणि दारात एवढंच म्हणाली, "तुना डोकाले आते मी हात लावाव नही."

त्यानंतर मी डोक्याला कोणालाच हात लावू दिला नाही. तेल बंद, कंगवा बंद, हेल्मेट बंद. (हवालदाराने शिट्टी मारली. त्याला टाळूचं कारण सांगितलं, त्याने ऐकलं नाही.) अंघोळीत डोकं बाहेर ठेवून बाकीच्यावर पाणी घ्यायचो. आठ दिवस उशीवर जेमतेम दोन-चार केस. मी नूतनला उशी दाखवत फिरलो. नवव्या दिवशी ती म्हणाली, डोक्याला वास मारतोय, आज धुतलं नाहीत तर मी हॉलमध्ये झोपते. धुतलं. आठ दिवसांचे थांबलेले सगळे एकदम पाण्याबरोबर निघाले. मी ओल्या अंगाने न्हाणीत बसून राहिलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते साबणाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा समाधान म्हणाला, "साहेब, सगळं काढून टाका एकदा. दाट येतं, सारखं येतं. साखरपुड्यापर्यंत छान बारीक कट दिसेल." समाधानचा स्वतःचा केस एकही गेलेला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. त्याच संध्याकाळी मी पुनाच्या दुकानात गेलो.

पुना माझी हजामत वीस वर्षं करतो आणि बोलल्याशिवाय कात्री उचलत नाही. त्या दिवशी मी पडलेल्या चेहऱ्याने खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "सगळं काढ." पुनाने माझ्याकडे बघितलं, रेडिओ बंद केला आणि कामाला लागला. मी डोळे मिटले. ओठावर वस्तरा फिरल्याचं जाणवलं तेव्हा उशीर झाला होता. जाताना त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला त्याचं फार बरं वाटलं. केसांचं दुःख समजणारा हा एकच माणूस निघाला, असं मनात आलं.

घराच्या कोपऱ्यावर वना नाना दिसले. ही सोयरीक जुळवणारे मध्यस्थ तेच. या अवताराची मला इतकी लाज वाटली की नुसते हात जोडले, मान खाली घातली आणि चालता झालो. नाना रस्त्यातच उभे राहिले होते.

नूतनने लाटणं हातात घेऊनच दार उघडलं. मग तिने विचारलं, "अहो, मिशी कुठे आहे?" मी वळलो तेव्हा तिच्या हातातलं लाटणं खाली पडलं, कारण मागे पुनाने बोटभर शेंडी ठेवली होती. आता शहाण्या माणसाला इथेच कळलं असतं. आमच्याकडे डोकं, मिशी सगळं काढून शेंडी कधी ठेवतात, हे कोणालाही विचारा. पण आम्ही दोघं पुनाच्या नावाने बोटं मोडत बसलो. नूतनने कात्रीने शेंडी उडवली आणि विषय संपला असं आम्ही समजलो.

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. सुपडू आबा, वना नाना आणि आणखी सहा जण, सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. कोणी रामराम घातला नाही. सोफा रिकामा सोडून आठही जण खाली फरशीवर बसले. नूतनने पाणी आणलं, त्यांनी पेले बाजूला सरकवले. ही मंडळी सोयरीक मोडायला आलीत, आणि तीही माझ्या टकलापायी, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

"आम्हाला कळवायचं तरी होतं," सुपडू आबा म्हणाले.

"एवढ्याशा गोष्टीसाठी काय कळवायचं?" मी म्हणालो.

आठही जणांनी माझ्याकडे बघितलं.

"फार त्रास झाला का?" वना नानांनी विचारलं.

"वीस-पंचवीस दिवस. रोज थोडं थोडं. शेवटी म्हटलं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

"दवाखान्यात दाखवलं नाही?"

"दाखवलं ना. डॉक्टर म्हणाले, आता काही करू नका."

वना नानांनी उपरण्याने डोळे टिपले. सुपडू आबांनी पिशवीतून एक कोरा टॉवेल आणि टोपी काढून माझ्यापुढे ठेवली. मी भारावून गेलो. थंडीचे दिवस, उघड्या डोक्याला वारा लागू नये म्हणून व्याही पाचोऱ्याहून टोपी आणतो, असा माणूस आजकाल मिळतो का? मी लगेच ती डोक्यावर चढवली.

"दहावा होऊन गेला तरी आम्हाला निरोप नाही," आबा म्हणाले. त्यांचा आवाज आता कडक झाला होता. "म्हणजे तुम्ही आम्हाला परकंच धरलं. अशा घराशी पुढे कसं जमायचं ते बघावं लागेल. तसाही साखरपुडा आता वर्षभर होत नाही. हॉल सोडून दिलाय मी."

दहाव्याचं काय ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही, वर्षभर मात्र शिरलं. "वर्षभर कशाला?" मी जवळजवळ ओरडलो. "दोन-तीन महिन्यांत पुन्हा उगवतात."

आठही जण एकमेकांकडे बघायला लागले. मी दुःखाने भ्रमिष्ट झालोय, असं त्यांना वाटलं असावं. नूतन स्वयंपाकघराच्या दारातून मला डोळ्यांनी काहीतरी सांगत होती. तिला कळलं होतं, मला कळलं नव्हतं. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि हातात पिशवी घेऊन आई दारात उभी राहिली.

तिने बाहेरच्या चपला बघितल्या, फरशीवर बसलेली पांढऱ्या टोप्यांची रांग बघितली, मग टोपीखालचं माझं कोरं तोंड बघितलं. पिशवी तिच्या हातातून गळाली. ती उंबऱ्यातच खाली बसली आणि कपाळावर हात मारून रडायला लागली.

"कोन मरनं रे लीलाधर? मले कोनी सांगं बी नही."

शेवटी सुपडू आबा उठले, टोपी हातात घेतली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अक्का, तुम्ही."

आईचं रडणं थांबलं. "मी तं सोनगीरले गयती," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. नानांनी रस्त्यात माझं मुंडण आणि शेंडी बघितली. घरात म्हातारं माणूस एकच. असली गोष्ट फोनवर विचारायची नसते, थेट दारावर, म्हणजे दुखवट्याला, यायचं असतं. सोनगीरला फोन करायचं कोणाच्या मनात आलं नाही, कारण जी बाई गेली तिची चौकशी कोण करणार? आबा एकदा माझ्याकडे आणि एकदा आईकडे बघत होते. त्यांनी भाऊबंदांच्या चाळीस घरी निरोप दिला होता. आता त्या चाळीस घरी जाऊन काय सांगायचं? केसांसाठी असले उद्योग करणाऱ्याच्या घरात मुलगा द्यायचा का, असं त्यांच्यातला एक जण मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला.

खरं सांगतो, त्या क्षणी मी घाबरलो. मृणालीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मला माझी शरम वाटली. सोयरीक वाचवली आईने. पाहुण्यांनी बाजूला सरकवलेला पाण्याचा पेला तिने उचलला, पिऊन रिकामा केला आणि पदर खोचला.

"मले पाचोराले लई चाला," ती आबांना म्हणाली. "मी बठ्ठास्ले तोंड दखाडस."

आणि सगळ्यांना तोंड दाखवायला ती त्याच जीपमध्ये बसून गेली. चाळीस घरी हिंडली, चाळीस घरी चहा प्यायली, आणि प्रत्येक घरी माझ्या केसांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तिसऱ्या दिवशी परत आली तेव्हा हॉल पुन्हा ठरला होता. मृणाली फोनवर आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "बाबा, माझं लग्न तुमच्या केसांवर अडलं नव्हतं हो."

साखरपुडा ठरल्या तारखेला जळगावातच झाला. केस करड्या खुंटांइतके आले होते आणि मिशी अजून विचारात होती, म्हणून मी टोपी घातली. (नवी घेतली. ती पहिली नूतनने देऊन टाकली.) फोटोसाठी मी आईशेजारी ताठ उभा राहिलो. तेवढ्यात मंजुळाबाई आल्या, आईचे दोन्ही हात हातात घेतले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "अक्का, हे तुमचे मोठे भाऊ का?"

मी आईकडे बघितलं. आईने डोक्यावरचा पदर तेवढा थोडा मागे सरकवला, अंबाडा नीट दिसावा म्हणून.