मोहरीलकाकांची शिट्टी

मोहरीलकाका कुकर घेतल्याशिवाय गाव सोडत नाहीत. गाव म्हणजे आमचं सनीव्हेल. योसेमिटीला गेले, कुकर बरोबर. मित्राच्या मुलाच्या लग्नाला लास व्हेगासला गेले, तिथेही कुकर. हॉटेलच्या बाथरूममध्ये हॉटप्लेटवर वरण लावलं, फायर अलार्म वाजला, आणि माणसं पासपोर्ट घेऊन खाली धावत असताना हे कुकर कडेवर घेऊन आले.

कुकर काकूंचा. काकू जाऊन सहा वर्षं झाली. बुडाला पोचा आहे आणि एक कान दुसऱ्याच कुकरचा आहे. शिट्टी मात्र कुकरवर कधी नसते. ती काकांच्या शर्टाच्या खिशात असते. "हरवली तर इथं कोण देईल बे?" काका मूळचे नागपूरचे. तीस वर्षं अमेरिकेत राहून, चिप्स डिझाइन करून रिटायर झाले, पण त्यांच्या मराठीला कॅलिफोर्नियाचं ऊन लागलेलं नाही.

मी त्यांचा शेजारी, मूळचा पुण्याचा. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जेवायला जायचो, आणि तोंड उघडलं की काका हात वर करायचे. "आधी शिट्टी, मग गोष्टी!" तीन शिट्ट्या होईपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. पहिल्या शिट्टीला ते डोळे मिटायचे. तिसरीला उघडायचे, गॅस बंद करायचे आणि म्हणायचे, "हं, बोल आता, काय करून राहिला तुझा मॅनेजर?"

तर २००३ च्या उन्हाळ्यात हा माणूस मला म्हणाला, "पुणेकर, चल मिशिगनला. चार दिवस. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं मले ड्राइव्ह करता येत नाही." माझा प्रोजेक्ट संपला होता, दुसरा मिळत नव्हता, व्हिसाच्या काळजीने झोप उडाली होती. म्हटलं, चला.

एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या दारातून काका गेले आणि खिसा कोकलला. त्या वर्षांत सिक्युरिटीवाले आपल्याकडे कसे बघायचे ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. खिशातून निघालं जड, लोखंडी, भोकाचं काहीतरी. बॅगेतून निघाला घट्ट झाकणाचा डबा. ऑफिसरने विचारलं, हे काय करतं? काकांनी तोंडाने करून दाखवलं. "फुस्स्स्... शीऽऽऽ!" अख्खी रांग गोठली. एका बाईने मूल छातीशी धरलं. माझ्या डोळ्यांसमोर माझा व्हिसा हवेत विरघळला. आमची रवानगी एका खोलीत झाली. तिथे काकांनी तीन धडधाकट माणसांना गोडं वरण समजावून सांगितलं. विमान सुटायला आलं तेव्हा आम्हाला सोडलं. मी चिडून बूट चढवत होतो. काका म्हणाले, "पोरं चांगली होती, भुकेली वाटली."

पुढे भाड्याची गाडी आणि झाडं. संपतच नाहीत अशी झाडं. मी शेवटी चिडून विचारलं, "काका, मिशिगनच्या या टोकाला आहे काय?"

काकांनी खिशातली शिट्टी चाचपली. मग म्हणाले, "केतकी राहते."

केतकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिने लॉ स्कूल अर्धं टाकून होड्या बांधणाऱ्या ईरो नावाच्या मुलाशी लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत. वर फोनवर नको ते बोलले. तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, आता मला फोन करायचा नाही, दारात यायचं नाही. मला वाटेल तेव्हा मी कॉल करेन." त्याला दोन वर्षं झाली होती. फोन आला नव्हता.

"मग आता जाऊन काय सांगणार तिला?"

"जायचं नाही ना बाप्पा! दारात यायचं नाही म्हणाली. मी शब्द दिलाय."

"म्हणजे दोन हजार मैल येऊन भेटायचंच नाही?"

"तळ्याच्या या काठाला केबिन घेतलीय. तिचं घर त्या काठाला आहे. गाडी हळू चालव."

केतकीचं गाव शंभर वर्षांपूर्वी फिनलंडहून तांब्याच्या खाणीत कामाला आलेल्या लोकांनी वसवलेलं. पोस्टाच्या पेट्यांवर एकेका नावात दोन-दोन क, तीन-तीन आ. प्रत्येक घरामागे तळ्याकाठी एक सॉना, म्हणजे वाफ घेत बसायची लाकडी खोली. आणि शांतता तरी किती! दुकानदाराला मी हवापाण्याचं विचारलं, तर त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. केबिनची मालकीण हेल्मीआजी. तिने किल्ली दिली, शेगडी दाखवली, वेलचीचा पाव टेबलावर ठेवला आणि एकच शब्द उच्चारला, "क्वाएट." सॉनाचं दार उघडून दाखवल्यावर काका आत डोकावले आणि म्हणाले, "अबे, हा तर माणसांचा कुकर! याची शिट्टी कुठाय?"

पहिल्या संध्याकाळी सात वाजता काकांनी तळ्याकडची खिडकी सताड उघडली, खिडकीजवळच्या शेगडीवर कुकर चढवला आणि खिशातून शिट्टी काढून बसवली. झाली की हो पहिली! आरशासारखं तळं, त्यावरून ती शिट्टी सरळ पलीकडे गेली आणि तिकडच्या झाडांवर आपटून परत आली. बदकं उडाली. कुत्री भुंकली. तीन झाल्या, चार झाल्या, सहा झाल्या. वरणाचा पार लगदा झाला. काका खिडकीतून पलीकडच्या लाल घराकडे बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काका, तुम्ही तिला बोलावताय!"

"मी कुठं बोलावतोय? फोन करू नका म्हणाली, दारात येऊ नका म्हणाली. शिट्टीचं काही बोलली नव्हती."

लाल घरातून कुणी आलं नाही. हेल्मीआजी तेवढी आली. कुकरकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि गेली.

दुसऱ्या संध्याकाळी सातला पुन्हा तेच. पलीकडे दिवा लागला, दार उघडलं, कुणीतरी ओसरीवर येऊन उभं राहिलं. काकांनी खिडकीची चौकट घट्ट धरली. मीही त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. मग ते दार बंद झालं. हेल्मीआजी मात्र थेट आत आली आणि तिच्या मानाने भाषणच केलं. "उद्या पुन्हा आवाज आला, तर तुम्ही जायचं."

तिसरी संध्याकाळ शेवटची होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघायचं होतं. सातला काका शेगडीपाशी गेले आणि माझं डोकं फिरलं. "बस झालं, काका! रस्त्यावर काढेल ती म्हातारी! आणि लावताय काय? डाळ तर काल संपली!" मी झाकण काढलं. आत नुसतं पाणी होतं.

"शिजवायचं कुठंय," काका म्हणाले. "वाजवायची आहे."

मला त्यांचा राग आला, त्यांची कीव आली, आणि त्या लाल घराचा तर भयंकर राग आला. मी शिट्टी उचलली आणि मुठीत दाबून धरली. "दार वाजवा जाऊन. नाहीतर घरी चला. पण हे नको."

काका भांडले नाहीत. हात जोडले त्यांनी. "दे ना रे. आजच्या दिवस."

मी दिली नाही. सव्वासात झाले, साडेसात झाले. तिकडे उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळ सरकतच नव्हता. काका खुर्चीत बसून राहिले. पाणी उकळून उकळून आटत आलं. हेल्मीआजी दारात आली, बिनशिट्टीच्या कुकरकडे बघत उभी राहिली, आणि तिलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं असावं, कारण ती बसली.

तेवढ्यात वल्ह्यांचा आवाज आला.

होडी धक्क्याला धडकली. जीन्सवर ईरोचा ढगळ स्वेटर घातलेली एक मुलगी धापा टाकत वर आली. हातात प्लास्टिकचा डबा. काका उठले.

"आज शिट्टी का नाही झाली?" ती दारातूनच ओरडली. "सेव्हन, सेव्हन-फिफ्टीन, सेव्हन-थर्टी! मला वाटलं तुम्ही गेलात. मला वाटलं तुम्हाला काहीतरी झालं! हाउ कुड यू, बाबा?"

"केतू," काका एवढंच म्हणाले.

"आय ॲम स्टिल अँग्री."

"हौ. राहा ना."

तिने डबा टेबलावर आपटला. त्यात धुतलेली तुरीची डाळ होती. "माझ्याकडे कुकर नाहीये. दोन वर्षं मी भांड्यात डाळ उकळतेय. आईसारखी होतच नाही." आणि ती रडायला लागली. काका पुढे झाले आणि त्यांनी तिला जवळ घेतलं. मी शिट्टी टेबलावर ठेवली आणि तळं बघायला बाहेर गेलो. मागोमाग हेल्मीआजीही आली. आत शिट्टी झाली तेव्हा तिने मान डोलावली.

परतताना एअरपोर्टवर कुणीच अडवणार नव्हतं. कुकर काकांनी केतकीकडे ठेवला होता, आपल्या हाताने तिच्या लाल घरातल्या ओट्यावर. पण काका दारातून गेले आणि खिसा पुन्हा कोकलला.

"काका! शिट्टी तुमच्याकडेच राहिली!"

"राहू दे."

"अहो, तिचा कुकर बिनशिट्टीचा काय कामाचा?"

"तेच तर," काका खिसा थोपटत म्हणाले. "'मला वाटेल तेव्हा कॉल करेन' म्हणाली होती. आता वाटेल ना तिला."

सनीव्हेलला पोचलो. बॅगा जिन्यात टाकून मी काकांच्या दाराची किल्ली फिरवतोय, तोच आत फोन वाजायला लागला. दार ढकलून मी धावणार, इतक्यात काकांनी माझं मनगट धरलं. ते अंधाऱ्या हॉलमध्ये उभे होते, डोळे मिटून.

"अहो, ठेवून देईल ती! उचला ना!"

"थांब बे," काका म्हणाले. "तीन होऊ दे."