पाच नोंदले, चार आले

आमची कौटुंबिक सायकल फेरी गेल्या वर्षी माघातल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला सुरू झाली आणि ती अजून चालू आहे. पत्रकात दोन तास लिहिलं होतं. शहरातल्या तीन बागांमधून सावकाश फिरायचं, पुढेमागे शिट्टीवाले मार्शल, शेवटी एक केळं आणि लिंबू सरबत. नियम एकच होता, आणि तो ठळक अक्षरांत होता: नोंदलेलं कुटुंब पूर्ण आल्याशिवाय फेरी संपत नाही.

अर्ज माझ्या सासूबाईंनी भरला. ‘कुटुंबातील सदस्य’ या रकान्यात त्यांनी रेशनकार्ड समोर ठेवून नावं उतरवली. बाबा म्हणजे माझे सासरे, त्या स्वतः, माझा नवरा अभय, मी आणि उदय. उदय म्हणजे माझे थोरले दीर. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या निवृत्तीच्या सत्काराला ते आले नाहीत. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. बाबांनी घरी येऊन गळ्यातला हारसुद्धा न काढता जाहीर केलं, की या घरात त्याचं नाव निघता कामा नये. भाऊजी तालमीपलीकडच्या गल्लीत भाड्याने राहायला गेले. चालत पंधरा मिनिटं. रेशनकार्डावरून नाव कमी करायचं तेवढं राहून गेलं. त्या कचेरीत खेटे घालायला वेळ कुणाला आहे?

तिसऱ्या बागेच्या फाटकाशी दोरी बांधली होती. मार्शल तांबोळींनी आम्हाला तिच्या अलीकडे थांबवलं आणि बोटाने मोजलं.

“पाच नोंदले, चार आले,” ते म्हणाले.

“मग आता?” अभयने विचारलं.

“आता पहिली बाग.”

तेव्हापासून आम्ही फेरीत आहोत. घर हे विश्रांतीस्थान म्हणून मंजूर झालं आहे. तांबोळी बाहेरच्या खोलीत झोपतात. माणूस गुणी, ताट स्वतः विसळतात. सकाळी शिट्टी वाजली की आम्ही उंचीप्रमाणे रांगेत निघतो. मला बँकेत सोडतात, अभयला त्याच्या कारखान्यात, आणि संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून तिन्ही बागा पूर्ण करतात. माझ्या मामेबहिणीच्या लग्नात आम्ही हेल्मेट घालून उभे होतो आणि अक्षता डोक्यावर टणटण वाजत होत्या. सुरुवातीला लोक हसले. मग त्यांनाही सवय झाली. वाण्याने तर आम्हाला बघून आधी माल द्यायला सुरुवात केली, जे बारा वर्षांत कधी झालं नव्हतं.

मला खरं सांगायचं तर राग येत होता. एक माणूस पंधरा मिनिटांवर राहतो, त्याला एक हाक मारायची, की सुटलो सगळे! पण हाक मारण्याचा अधिकार कुटुंबप्रमुखांचा, असं तांबोळींनी नियमावलीत बोट ठेवून दाखवलं होतं. आणि कुटुंबप्रमुख नावच काढू देत नव्हते.

श्रावणात बाबांचे गुडघे सुजले. डॉक्टर म्हणाले, आता पायडल बंद, नाहीतर काठी येईल. तेव्हा तांबोळींनी एक कागद आणला. त्यावर एकच ओळ छापली होती: ‘खालील व्यक्ती आमच्या कुटुंबातील नाही.’ खाली नाव लिहायची जागा आणि सहीची.

“सही झाली की चाराचं कुटुंब पूर्ण,” तांबोळी म्हणाले. “लगेच सरबत.”

बाबांनी चष्मा लावला. पेन घेतलं. मग म्हणाले, आज अमावस्या आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, या पेनाची शाई फिकी आहे. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर करतो म्हणाले आणि जेवलेच नाहीत. रात्रंदिवस तो कागद टीव्हीवर पडून होता. सासूबाई त्याच्याकडे न बघता टीव्ही पुसायच्या.

पाचव्या दिवशी त्या बाबांना म्हणाल्या, “अहो, करायची तर करून टाका. पण आणखी एक कागद मागवा. चारातून मला पण वजा करा.”

 दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी वाजायच्या आधीच बाबा सायकल घेऊन घराच्या फाटकाबाहेर उभे राहिले. रांग त्यांच्या मागे लागली. पहिल्या बागेकडे वळायच्या चौकात त्यांनी डावा हात बाहेर काढला, तालमीच्या दिशेने. तांबोळींनी दोन्ही बाजूंची वाहनं थांबवली.

उदय भाऊजी दारात दात घासत होते. तोंडाला फेस तसाच. केस केवढे पिकले होते! 

“सांगा त्याला,” बाबा तांबोळींना म्हणाले.

“मला अधिकार नाही.”

 बाबा हँडलकडे बघत म्हणाले, “उदय, सायकल आहे का तुझ्याकडे?”

“आहे. हवा नाही.”

“पंप आणलाय मी.”

हवा बाबांनीच भरली. गुडघा दुखत होता तरी खाली वाकून, दोन्ही चाकांत. भाऊजी शेजारी तोंड पुसत उभे होते. सत्काराबद्दल कुणीच काही बोललं नाही.

पहिली बाग झाली, दुसरी झाली. बाबा हळू चालवत होते, म्हणून भाऊजीही हळू. तिसऱ्या बागेच्या फाटकाशी तांबोळी दोरीजवळ उभे राहिले आणि मोजू लागले. बाबा गेले. भाऊजी गेले. अभय गेला, मी गेले. टेबलावर सरबताचे पाच पेले भरले होते. भाऊजींनी घड्याळ बघितलं आणि, “मग मी निघतो इथूनच,” असं म्हणाले.

सासूबाई दोरीच्या वीतभर अलीकडे थांबल्या आणि त्यांनी पाय टेकला.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“चेन पडली.”

आम्ही सगळ्यांनी चेनकडे बघितलं. चेन जागेवर होती, नुकतंच तेल दिलेली. तांबोळींनीही वाकून बघितली. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी आपली सायकल उलटी फिरवली.

“पाच नोंदले, चार आले,” तांबोळींनी वहीत लिहिलं आणि पहिल्या बागेसाठी शिट्टी वाजवली.