चिखलबुटक्यांचा सरदार आणि मोठ्या बाईंची कवळी

"आठ दिवस! फक्त आठ दिवसांत अख्खी फौज गोल करून दाखवतो! नाहीतर दवाखान्याची पाटी उतरवीन!"

दातांच्या डॉक्टरांनी ही भीष्मप्रतिज्ञा केली तेव्हा त्यांच्या तोंडात ब्रश होता. त्यामुळे प्रतिज्ञेचा निम्मा भाग आरशावर उडाला.

"आधी चूळ भरा," बायको म्हणाली.

आता फौज गोल करायची म्हणजे काय, ते सांगते. डॉक्टरांना टेबलावर लढाया खेळायचा नाद. 'सात दऱ्यांचं युद्ध' असं त्या खेळाचं नाव. करंगळीच्या पेराएवढे शिपाई विकत आणायचे, कुंचल्याला तीन केस ठेवून ते रंगवायचे, आणि रविवारी खेळण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत चार मोठ्या माणसांनी त्यांच्यावरून भांडायचं, हा खेळ. डॉक्टरांची फौज चिखलबुटक्यांची. म्हणजे हिरवट, बसक्या नाकाचे, दलदलीत राहणारे, आणि बहुतेक लढाया हरणारे. डॉक्टरांनी अकरा वर्षं खपून एकेकाच्या नखातला मळसुद्धा रंगवला होता. बायको एका लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकातून रक्ताच्या पेशी मोजायची. घरी येऊन नवऱ्याचं टेबल पाहिलं की तिला अजून कामावरच असल्यासारखं वाटायचं.

तर या शिपायांच्या पायाखाली एक छोटा तळ असतो. तो पहिल्यापासून चौकोनी. कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आणि मग खेळ बनवणाऱ्या कंपनीने पत्रक काढलं!

'आमच्या लाडक्या सेनापतींनो, तुमच्याच आग्रहास्तव आम्ही एक आनंदाची बातमी देत आहोत. येत्या स्पर्धेपासून सर्व तळ गोल असतील. चौकोनी तळ ग्राह्य धरले जाणार नाहीत. आपलेच.'

हा आग्रह नेमका कोणी केला, त्याचा चारही सेनापतींनी कसून शोध घेतला. तो माणूस सापडला असता तर डॉक्टरांनी त्याचे दात भूल न देता काढले असते! बरं, स्पर्धा आठ दिवसांवर आलेली, गोल तळ विकत घ्यावेत म्हटलं, तर कंपनीकडचे सगळे संपलेले. म्हणजे जेवायला या म्हणून आमंत्रण द्यायचं आणि दाराला कुलूप लावून गावाला जायचं!

"सोडून द्या की यंदाची स्पर्धा," बायको म्हणाली.

"सोडून देऊ? अगं, यंदा पहिल्यांदा वकिलाला हरवायची संधी आहे! त्याच्या लोखंडी राक्षसांचा डाव मला पाठ झालाय. चिखलबुटक्यांनी एकदा तरी जिंकायला नको? अकरा वर्षं मार खातायत बिचारे!"

हे बोलताना त्यांचा आवाज इतका कातर झाला, की बायकोने पुढचं वाक्य चहाबरोबर गिळून टाकलं.

वकीलसाहेब म्हणजे त्या चौकडीतले कायदेपंडित. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ. फासा टेबलावरून खाली पडला तरी ते कलम सांगायचे. चौकोनी तळाचा एक शिपाई जरी दिसला असता, तरी त्यांनी अख्खी फौज टेबलावरून हद्दपार केली असती.

पण डॉक्टरांना युक्ती सुचली. कवळी बनवायची गुलाबी पावडर! तिच्यात द्रव घालून मळलं की कणकेसारखा लगदा होतो. साच्यात दाबला आणि गरम पाण्यात शिजवला की दगडासारखा घट्ट. तेच तळ! तेही घरचे! कंपनी गेली खड्ड्यात!

सोमवारपासून डॉक्टर दवाखान्यात कामाला लागले. आधी दात उपटायच्या चिमट्याने एकेक शिपाई चौकोनी तळावरून उपटला. डॉक्टर सवयीने प्रत्येकाला म्हणत होते, "जरासं दुखेल हं." रागारागाने जुन्या चौकोनांचा त्यांनी ड्रिलने भुगा करून टाकला. बाहेर बसलेल्या पेशंटना आतून नुसता ड्रिलचा आवाज येत होता आणि ओरडण्याचा आवाज मात्र येत नव्हता. त्यामुळे डॉक्टरांच्या हाताला किती गुण आहे, अशी ख्याती पसरली.

शुक्रवारपर्यंत फौज गोल झाली. लांबून पाहिलं तर चिखलबुटके कोणाच्यातरी हिरड्यांवर उभे आहेत असं वाटायचं. पण गोल म्हणजे गोल!

राहिला एकटा सरदार. बाकी शिपाई प्लॅस्टिकचे, ते डिंकाने चिकटले. सरदार मात्र जुन्या घडणीचा, कथलाचा, वजनदार. चिकटवला की पुढाऱ्यासारखा तोंडावर आपटायचा. आणि सरदाराशिवाय फौज टेबलावर उतरवता येत नाही, हे तर पहिलंच कलम. म्हणून डॉक्टरांनी ठरवलं, याला ओल्या लगद्यातच रोवायचा. उरलेली सगळी पावडर मळून त्यांनी दोन वाट्या भरल्या. एक सरदाराची. दुसरी मोठ्या बाईंची.

मोठ्या बाई म्हणजे गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची नवी वरची कवळी त्याच दिवशी शिजायची होती, कारण शनिवारी शाळेच्या समारंभात त्यांचं भाषण होतं. त्यांच्या भाषणाची गावाला धास्ती होती. एकदा सुरू झाल्या की श्रोत्यांची पोरं मोठी व्हायची.

डॉक्टरांनी सरदाराला पहिल्या वाटीत उभा केला, हातात भाला, छाती पुढे. तेवढ्यात दुखऱ्या दाढेचा एक पेशंट दार फोडून आत आला. डॉक्टर त्याच्याकडे धावले. आणि इकडे सरदार आपल्या वजनाने हळूहळू, कोणालाही हाक न मारता, लगद्यात बुडाला. दलदलीतलाच तो! त्याला वाटलं असेल, माहेरी आलो!

सिस्टर आल्या. त्यांना दिसल्या दोन सारख्या वाट्या. डॉक्टरांच्या खेळामुळे आठवडाभर कामं तुंबलेली, म्हणून त्यांनी समोरची वाटी उचलली, मोठ्या बाईंच्या साच्यात लगदा दाबला आणि साचा शिजायला टाकला. डॉक्टर परत आले, त्यांना उरलेली वाटी दिसली.

"बुडाला वाटतं आत," ते म्हणाले. "असू दे. शिजल्यावर कोरून काढू."

शिजवलं. कोरलं. आणखी कोरलं. गुलाबी भुग्याचा ढीग झाला, सरदार काही सापडेना!

"सिस्टर! माझा सरदार कुठाय?"

"मला काय माहीत सर? मी इथं दातांसाठी येते."

सरदार सापडला शनिवारी सकाळी. मोठ्या बाई खुर्चीत बसल्या, डॉक्टरांनी कवळी बसवली. बाईंनी दोनदा चावून पाहिलं, आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"डॉक्टर, मला कोणीतरी भाला मारतंय."

"नवीन कवळी थोडी टोचतेच, बाई."

"टोचणं आणि भाला मारणं यातला फरक मला कळतो. मी तीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत बसलेय."

त्यांनी कवळी काढून हातात धरली. पुढच्या दातांच्या मागे, टाळूच्या जागी, सरदार उताणा पहुडला होता. गुलाबी दुलईतून एक हिरवं बसकं नाक वर आलेलं, आणि एक हात. हातात भाला.

दवाखान्यात टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं. पडली ती सिस्टरांच्या हातातली अख्खी थाळी.

"हा कोण?" बाईंनी विचारलं.

"सर... सरदार."

"माझ्या तोंडात काय करतोय?"

आता डॉक्टरांनी सगळं सांगितलं. पत्रक, गोल तळ, वकील, दोन वाट्या. सांगताना ते शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून उभे होते.

"कापून काढा याला," बाई म्हणाल्या.

"काढला तर कवळीच्या टाळूला भोक पडेल. भोक बुजवायला पावडर हवी. ती सगळी फौजेला लागली. नवी सोमवारी येणार."

"आणि भाषण आज संध्याकाळी."

"हो."

"आणि तुमची ती लढाई?"

"उद्या सकाळी." डॉक्टरांचा चेहरा पडला. "ती आता होत नाही, बाई. सरदार नाही तर फौज नाही. जाऊ दे. तुमचं भाषण महत्त्वाचं."

असं म्हणून त्यांनी ड्रिल उचललं, आणि भाल्याचं टोक घासून टाकलं. त्या टोकावरची चंदेरी रेघ रंगवायला त्यांना एक अख्खा रविवार लागला होता. घासायला एक क्षण पुरला. सिस्टरांनी दुसरीकडे पाहिलं.

बाईंनी कवळी पुन्हा घातली. "अजून थोडा ढोसतोय," त्या म्हणाल्या. "पण ढोसू दे."

आणि संध्याकाळी चमत्कार झाला! बाई विषय सोडून जराशा भरकटल्या की सरदार आतून ढोसायचा. त्या परत मुद्द्यावर यायच्या. 'आमच्या वेळी' असं म्हणायला जीभ वर गेली की भाला! भाषण पंधरा मिनिटांत संपलं. गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. काही जणांच्या डोळ्यांत पाणी होतं.

रविवारी सकाळी डॉक्टर नुसतेच दुकानात गेले, दुसऱ्यांच्या लढाया बघायला. लग्नघरी हळद लावून बसावं आणि नवरीच पळून जावी, तसा चेहरा. तेवढ्यात मागच्या खोलीच्या दारात मोठ्या बाई उभ्या!

"कुठे लढायचंय? याची पाळी आली की सांगा. काढून देते."

पहिल्या डावाची पाळी आली. बाईंनी पाठ वळवली, कवळी काढली, रुमालाने पुसली आणि टेबलावर चिखलबुटक्यांच्या मधोमध ठेवली. मग पदर तोंडाला लावून खुर्चीत बसल्या. समोर लोखंडी राक्षस, इकडे हसणारे चौदा दात. राक्षसांची बाजू पहिल्यांदाच घाबरलेली दिसली!

वकीलसाहेब चष्मा पुसत वाकले. "हरकत! तळ गोल पाहिजे. हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे. शिवाय याला दात आहेत."

"दात असू नयेत असं कोणतं कलम आहे?" डॉक्टर ओरडले. "दाखव! दाखवच!"

वकीलसाहेब पुस्तक चाळू लागले. एकदा. दोनदा. दातांबद्दल कंपनी एक अक्षर बोलली नव्हती! पदराआडून बाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ते नकळत सरळ उभे राहिले.

"आकाराचं... तेवढं सोडून देतो," ते पुटपुटले. "एका डावापुरतं."

डॉक्टरांनी फासे उचलले. अकरा वर्षं! त्यांनी मूठ हलवली, फुंकर घातली, आणि...

"थांबा!" दुकानदार फोन नाचवत धावत आला. "कंपनीचं नवीन पत्रक! आत्ताच आलंय!"

वकीलसाहेबांनी खणखणीत आवाजात वाचलं. 'आमच्या लाडक्या सेनापतींनो, तुम्ही बोललात आणि आम्ही ऐकलं! तुमच्या चौकोनांवरच्या प्रेमापुढे आम्ही नतमस्तक आहोत. आजपासून, या क्षणापासून, फक्त चौकोनी तळच ग्राह्य. गोल तळ चालणार नाहीत. आपलेच.'

वाचता वाचता खणखणीत आवाज बसत गेला. कारण राक्षसही गोलच होते. खोलीतली प्रत्येक फौज गोल होती. सगळ्यांनी डोळे फोडून, बोटं चिकटवून, आठवडाभर घरच्यांची बोलणी खाऊन ती गोल केली होती. आता सगळे झाडून बेकायदेशीर!

"म्हणजे स्पर्धा?" कोणीतरी विचारलं.

"रद्द," वकीलसाहेब म्हणाले, आणि खुर्चीत असे बसले, जणू स्वतःविरुद्धचाच खटला हरलेत.

मग जो गदारोळ उठला! चोर! लुटारू! यांच्या नानाची टांग! बाईंनी शांतपणे आपला तळ टेबलावरून उचलला, पाठ वळवून तोंडात बसवला आणि फोन मागून घेतला. पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. "'तुमच्याच आग्रहास्तव.' 'तुमच्या प्रेमापुढे.' मुलांची सहल रद्द करताना मीही असंच लिहायचे. आणि खाली सही 'आपलेच'."

"मग मुलं काय करायची?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमच्यासारखीच. दोन दिवस ओरडायची. मग पुढच्या सहलीला सगळ्यात आधी नाव द्यायची."

"आम्ही पोरं नाही!" डॉक्टर गरजले. "या कंपनीला आता एक दमडी देणार नाही! आज, सगळ्यांसमोर सांगतो!"

"बरोबर!" सगळे ओरडले.

"हो, ते राहिलंच," दुकानदार खोकला. "पत्रकाच्या खाली आहे. जुने चौकोनी तळ पुन्हा काढतायत ते. 'वारसा चौकोन' म्हणे. मर्यादित साठा. आज दुपारी बारापर्यंतच नोंदणी."

मग काय झालं ते कोणी कबूल करत नाही. पण गल्ल्यापाशी जी चेंगराचेंगरी झाली, तीत वकीलसाहेबांचा चष्मा गेला आणि दुकानदाराची दोन बटणं. डॉक्टर रांगेत पहिले होते.

पुढच्या आठवड्यात बायको लॅबमधून परतली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर जागा नव्हती. शिपाई, चौकोन, डिंक आणि मधोमध डॉक्टर.

"नालायक! निर्लज्ज! खेळाडूंच्या जिवावर जगणारे!" ते कंपनीला शिव्या देत होते, आणि एकेक शिपाई गुलाबी तळावरून उपटून चौकोनावर बसवत होते.

बायको जरा वेळ दारात उभी राहून बघत होती.

"अहो, तोंड त्यांना शिव्या देतंय आणि हात त्यांचंच ऐकतायत."

डॉक्टरांनी मान वर केली नाही.

"हातांना काय कळतंय?" ते म्हणाले. "अगं, तू रोज पेशी मोजतेस ना? जरा बघ, हा चौकोनात सरळ बसलाय का?"