नाव नसलेलं पाखरू

गोपाळतात्यांच्या घरात भिंत झटकायला बंदी आहे. जळमटं काढायची झाली तरी आधी तात्या चष्मा लावून भिंत तपासणार, मग परवानगी. मी डोळखांबच्या शाळेत मास्तर, त्यांचा शेजारी. राहायला आलो त्या दिवशी ओट्याच्या भिंतीवर झाडू फिरवायला गेलो, तर पलीकडून गर्जना आली, "मास्तर, डोळे हायत का बटणं?"

भिंतीवर नखाएवढा पतंग बसला होता. तपकिरी पंखांवर पांढऱ्या नागमोडी रेघा, बारीक काडीने ओढल्यासारख्या. तात्या ओरडत राहिले, पाखरू ढिम्म हललं नाही.

तात्यांचा राग सगळ्यांवर. दिव्यांवर, फवारणीवाल्यांवर, पाखराला किडा म्हणणाऱ्या खुद्द काकूंवर. "किडा तांदळात असतो!" हे ठरलेलं वाक्य.

गेल्या साली शाळेच्या भिंतीवर घोषणा लिहायला रंगारी आला. त्याचा ब्रश पाखरावरून फिरणार, तोच तात्यांनी रंगाचा डबा गटारात ओतला.

"एवढुसं तर पाखरू, काका!"

"एवढुसं म्हणून मारशील? जा, हत्तीवर चालव बुरूस!"

रंगारी पुन्हा आलाच नाही. 'स्वच्छ गाव, सुंदर' एवढ्यावरच आमची घोषणा थांबली आहे.

यंदा श्रावणात पतंगांचा अभ्यास करणाऱ्या एक मॅडम आल्या. तात्यांच्या ओट्यावर त्यांनी पाखराचे फोटो काढले. म्हणाल्या, "फार कमी लोकांना माहीत आहे हा. शास्त्रीय नाव आहे, पण मराठीत नाव नाही."

तात्या भडकले. "आमच्या भिंतीवर जन्म काढतो नि नाव नाय? नाव नाय ठेवलं म्हणजे आलाच नव्हता काय?"

मॅडम घाबरल्या. "तुम्हीच सुचवा ना, काका."

तात्या तरातरा आत गेले.

काकू चहा घेऊन उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "आमची पयली पोर नवव्या दिवशी गेली. बाराव्याला बारसं व्हतं. दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'मुलगी' लिवलंय."

आतून आवाज आला, तात्यांचा वाटू नये इतका हळू.

"चांदणी लिवा."

मॅडमनी वहीत लिहिलं. तात्या बाहेर आले, चष्मा पुसला, वाकून ती तीन अक्षरं बोटाने वाचली.

"बरोबर लिवलंय," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी वही परत दिली नाही.